पडद्यावरची लढाई आणि शिवनेरीचा अंबरखाना

युद्ध म्हणजे काय, याविषयीची समजूत आजच्या तरुणांच्या मनात कोठून तयार होते, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने गंभीरपणे विचारात घ्यावयास हवा. इतिहासाचे ग्रंथ वाचून ती फारशी तयार होत नाही. लढाईवरून परतलेल्या सैनिकाच्या तोंडून तर त्याहून कमी. कारण असा सैनिक सहसा बोलत नाही. ती बव्हंशी तयार होते चित्रपटांतून. आणि त्यांतही भविष्यकाळातील शस्त्रे, परग्रहावरील शत्रू व यंत्रमानवांच्या फौजा दाखविणाऱ्या विज्ञानपटांचा वाटा मोठा आहे. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर येथील मुलाला हे चित्रपट पाहण्यासाठी आता पुण्यास जावे लागत नाही. ते हिंदी संवादांसह त्याच्या हातातील फोनवर येतात.

या चित्रपटांत दिसणारे लष्करी डावपेच कितपत खरे असतात? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. जेथे तारेच मुळी कल्पित आहेत, तेथे तुकडीने डावीकडून चाल करावी की उजवीकडून, याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या चित्रपटांतील चुका बारकाईने पाहिल्या, तर त्या वाटेल तशा विखुरलेल्या नसून बहुतेक एकाच दिशेला झुकलेल्या आहेत, असे आढळते. लढाईतून नेमक्या चार गोष्टी गाळल्या जातात: रसद, श्रम, स्थानिक जनतेचा पाठिंबा आणि युद्धाची किंमत. म्हणजे युद्धाचे अर्थशास्त्रच गाळले जाते. या गाळण्याचा परिणाम मात्र पडद्यापुरता उरत नाही.

कल्पित यंत्र, खरी माणसे

विज्ञानकथेला अशक्य वाटणारी एखादी गोष्ट गृहीत धरण्याचा हक्क आहे, हे प्रथमच मान्य करावयास हवे. प्रकाशाहून वेगवान यान, माणसाला पेलणारे लोखंडी चिलखत, काळ मागे फिरविणारी युक्ती ही त्या कलाप्रकाराची भांडवली गुंतवणूकच होय. नारायणगावच्या फडांत वर्षानुवर्षे वगनाट्ये झाली. राजा म्हणतो, वेशीवर माझे दहा हजारांचे सैन्य उभे आहे. आणि रंगमंचावर भालदार असतो एकच. त्यामुळे कोणाचीही फसगत होत नाही. कलावंत व प्रेक्षक यांच्यामधील तो राजरोस करार असतो.

परंतु यंत्र कल्पित असले, तरी ते वापरणारी माणसे खरी असावी लागतात. ती दमली पाहिजेत, भुकेजली पाहिजेत, घाबरली पाहिजेत. त्यांच्याजवळचा दारूगोळा संपला पाहिजे. आजचा विज्ञानपट यंत्राच्या बाबतीत अतिशय काटेकोर असतो. चिलखताचा एकेक खिळा तो दाखवितो. ढिसाळपणा करतो तो माणसाच्या बाबतीत. वगातील सैन्य खोटे असल्याचे उघड दिसते. येथे मात्र खोटेपणा खऱ्यासारखा रंगविलेला असतो, आणि म्हणूनच तो अधिक परिणामकारक ठरतो.

खरे विज्ञान कसे चालते, याचे उदाहरण जुन्नर तालुक्यातच उभे आहे. खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञानपटात शोभेल असेच ते दृश्य. परंतु गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या थाळ्या अखंड पत्र्याच्या केल्या नाहीत. तारेच्या जाळीच्या केल्या. वारा जाळीतून निघून जातो, वजन कमी होते, आणि खर्च आपल्या देशाला पेलेल इतका राहतो. अवकाशातील अतिक्षीण लहरी टिपावयाच्या, तर भोवतालच्या पट्ट्यात कोणते उद्योग यावेत यावरही बंधने घालावी लागतात; म्हणजे त्या विज्ञानाचा काही भार आसपासची गावे उचलतात. जमीन, मजुरी, वीज, देखभाल आणि शेजाऱ्यांचे सहकार्य यांवाचून उभे राहणारे यंत्र फक्त पडद्यावरच असते.

रसदीचा विसर

सैन्य पोटावर चालते, हे वचन घासून गुळगुळीत झाले आहे; पण विज्ञानपटांतील सैन्याला पोटच नसते. १९९७ चा 'स्टारशिप ट्रूपर्स' पाहावा. शत्रूच्या ग्रहावर पायदळ उतरते ते केवळ हातातील बंदुका घेऊन. तोफा नाहीत, रणगाडे नाहीत, टेहळणी नाही, माघारीची वाट नाही. नौका आकाशात एकमेकींना खेटून उभ्या, त्यामुळे शत्रूला आयतेच लक्ष्य मिळते. एका तासात एक लाख सैनिक मेल्याचे चित्रपटातच सांगितले जाते. अनेक समीक्षकांनी हे डावपेच हास्यास्पद ठरविले. परंतु दिग्दर्शक पॉल व्हर्हूवन यांचे बालपण नाझी सैन्याने व्यापलेल्या हॉलंडमध्ये गेले होते, आणि त्यांचा चित्रपट हा लष्करशाहीचा उपहास आहे. जेथे पूर्ण नागरिकत्व केवळ सैन्यात सेवा करणाऱ्यालाच मिळते, त्या राज्यात सैनिकाचे मरण स्वस्त असते. आणि मरण स्वस्त असले की डावपेचांवर डोके खर्च करण्याचे कारण उरत नाही. तेथील मूर्ख चढाई ही त्या समाजव्यवस्थेचीच चढाई आहे. दुर्दैव असे की, उपहास न ओळखता त्या चढाईलाच पराक्रम समजणारे प्रेक्षकही पुष्कळ निघाले.

जेम्स कॅमेरॉन यांचा १९८६ चा 'एलियन्स' याहून वेगळ्या कारणासाठी उल्लेखनीय आहे. त्यात रसद आहे. शस्त्रसज्ज, बढाईखोर तुकडी परग्रहावर उतरते. आपण अणुभट्टीच्या शीतक यंत्रणेखाली आहोत, येथे गोळी झाडली तर सर्वनाश होईल, हे ध्यानात येताच सैनिकांकडून काडतुसे काढून घ्यावी लागतात. अधिकारी अननुभवी आहे. कक्षेत ठेवलेल्या नौकेवर राखीव म्हणून एकही माणूस मागे ठेवलेला नाही. त्यामुळे खाली उतरलेले यान कोसळताच परतीची वाट बंद होते. मदत सतरा दिवसांच्या आत अपेक्षित नाही. आणि या साऱ्या मोहिमेमागे एका कंपनीचा नफा आहे. व्हिएतनाममधील अमेरिकन अनुभवाचे सावट या कथेवर होते, हे कॅमेरॉन यांनी स्वतः सांगितले आहे. त्यातील प्राणी सर्वस्वी कल्पित. तरी पराभव मात्र पूर्ण विश्वसनीय वाटतो. कारण उरलेली काडतुसे किती, हे तेथे मोजले जाते.

ही मोजदाद जुन्नरकरांना परकी नसावी. शिवनेरीवर जाणारा प्रत्येक जण शिवजन्मस्थानी नतमस्तक होतो, हे योग्यच. परंतु त्याच गडावरील अंबरखान्यासमोर आणि गंगा-जमुना टाक्यांपाशी किती जण थांबतात? इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७० च्या दशकात जुन्नरला आला, तेव्हा हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा शिधा या गडावर असल्याचे त्याने नोंदविले. शिवनेरी शिवाजीमहाराजांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही, याचे रहस्य जितके कड्यांत आहे तितकेच या कोठारात व टाक्यांत आहे. कडा शत्रूला अडवितो. टिकून राहण्याचे बळ धान्य देते.

१६५७ साली महाराजांनी जुन्नर शहरावर घातलेला छापाही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रात्री दोराच्या शिड्या लावून मावळे तटावरून आत उतरले, आणि सुमारे ३ लक्ष होन व २०० घोडे घेऊन परतले. किल्ल्यावर त्यांनी हल्ला केला नाही, शहरात ठाण मांडले नाही, मोगलांच्या मोठ्या फौजेची वाट पाहत थांबलेही नाहीत. लक्ष्य होते खजिना आणि घोडे. म्हणजे पुढील युद्धाचे भांडवल. आजच्या चित्रपटात हाच प्रसंग आला, तर नायक किल्लेदाराशी तटावर दहा मिनिटे तलवार खेळेल, आणि घोडे कोणी सोडले, त्यांना अंधारात कोणत्या वाटेने नेले, हे दिसणारच नाही. वस्तुतः छाप्याची खरी कर्तबगारी तेथेच होती.

याच्या उलट उदाहरण पानिपताचे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज रणात उतरली, त्याआधीच तिची रसद तुटली होती आणि छावणीत उपासमार चालू होती. मराठी माणूस पानिपताचे पोवाडे ऐकत वाढतो, बुणग्यांची संख्या किती होती यावर वाद घालतो. पण रसदीचा हा धडा पडद्यावरील युद्ध पाहताना त्याला आठवत नाही. आधुनिक यंत्रयुगातही हा धडा रद्द झालेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनची राजधानी कीव्हच्या उत्तरेस रशियन वाहनांचा साठ किलोमीटरांहून लांब ताफा रखडला, त्याच्या कारणांत इंधन व अन्न यांचा तुटवडा हे एक प्रमुख कारण होते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गाडी एक रात्र अडकली की मालाचे काय होते, हे तो जाणतो.

आदिवासींची लढाई

विज्ञानपटांत एक प्रकार असा आहे की, ज्याकडे पुरोगामी माणूस साहजिकच आपुलकीने पाहतो. बलाढ्य साम्राज्य किंवा कंपनी जंगलावर चालून येते आणि तेथील मूळ रहिवासी तिला परतवून लावतात. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये ठेंगणे वनवासी जीव ओंडके, दगड व फासे यांच्या साह्याने पोलादी वाहने उलथवितात. २००९ च्या 'अवतार'मध्ये खनिजासाठी आलेल्या कंपनीच्या भाडोत्री फौजेशी पँडोरा ग्रहावरील नावी जमात लढते. जॉर्ज लुकस यांनी आपल्या कथेत व्हिएतनामी गनिमांचा संदर्भ असल्याचे सांगितले आहे, आणि 'अवतार'ची सहानुभूती कोणाकडे आहे हे तर लपूनच राहत नाही.

पण बाजू आपली आहे म्हणून हिशेब तपासू नये, असे नाही. 'अवतार'च्या अखेरच्या लढाईत नावी आकाशातून जो घाला घालतात, तो शहाणपणाचा आहे: जेथे शत्रूची उपकरणे निकामी होतात तो डोंगराळ मुलूख, वरून झडप, अचानकपणा. परंतु त्याच वेळी जमिनीवर त्यांचे घोडेस्वार स्वयंचलित बंदुकांच्या थेट तोंडावर दौड करीत जातात आणि कापले जातात. पुढे त्या ग्रहावरील वन्य प्राणीच धावून येतात आणि पराभव टळतो. मूळ रहिवाशाला शौर्य द्यावयाचे, निसर्गाची कृपा द्यावयाची, पण बुद्धी द्यावयाची नाही, असा हा व्यवहार आहे. शिवाय त्याला नेता हवा, तोही बाहेरून आलेला. साम्राज्याची टीका करणारा चित्रपटही येथे नकळत साम्राज्याच्याच नजरेने पाहू लागतो.

सह्याद्रीतील खऱ्या आदिवासींनी असे केले नाही. आजच्या आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले या महादेव कोळी पुढाऱ्याने १८७३ पासून पुणे व नगर जिल्ह्यांच्या पश्चिम भागात सावकारांविरुद्ध उठाव केला. तो इंग्रजी फौजेसमोर माळावर रांग धरून उभा राहिला नाही. त्याने लक्ष्य निवडले ते सावकार, म्हणजे त्या पिळवणुकीचा गावातील हस्तक. त्याचे बळ होते घाटमाथ्याची रानवाट, कोकणात उतरणाऱ्या अवघड खिंडी आणि रात्री दार उघडून भाकरी देणारी घरे. सरकारने त्याच्यावर मोठे इनाम लावले, सशस्त्र पोलीस धाडले. तरी तो हाती लागण्यास १८७६ साल उजाडले. दरम्यान १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, चौकशी आयोग बसला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा सरकारला करावा लागला. उठाव मोडला, पण ज्या कर्जव्यवस्थेविरुद्ध तो होता तिला कायद्याचा लगाम घालणे सरकारला भाग पडले. हाही युद्धाचाच निकाल आहे. पण तो पडद्यावर मावत नाही.

पराभवाची किंमतही पडद्यावर मावत नाही. शिवनेरीवरील कोळी चौथरा सतराव्या शतकात मोगल सत्तेविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांच्या कत्तलीची आठवण देतो. 'जेडाय'मध्ये वनवासी जिंकतात, शेकोट्या पेटतात, ढोल वाजतात, आणि चित्रपट संपतो. प्रत्यक्षात जंगलातील विजयानंतर सूड घेणारी फौज येते, धान्य जाळले जाते, ज्या घरांनी भाकरी दिली ती शोधली जातात. गनिमी कावा हा बलाढ्याला चकविण्याचा सोपा उपाय नव्हे. सर्वांत मोठी किंमत सामान्य खेडुताकडून वसूल करणारा तो मार्ग आहे. म्हणूनच खेडुताचा मनापासून पाठिंबा असल्यावाचून तो टिकत नाही.

ढिगारा कोण उपसतो?

विज्ञानपटात शहरे कोसळतात. मनोरे एकामागून एक जमीनदोस्त होतात आणि पुढल्याच दृश्यात नायक दुसऱ्या खंडात असतो. २०१४ च्या 'एज ऑफ टुमॉरो'मध्ये तर नायक मेला की तोच दिवस पुन्हा सुरू होतो. तो खेळ कल्पक आहे, चित्रपटही चतुर आहे. पण लढण्याचे कसब तेथे मरण फुकट मिळते म्हणून साधते. फुकटचे मरण ही चैन कोणत्याही खऱ्या सैनिकाला नाही.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, सरकारी कर्मचारी व आसपासचे गावकरी पावसात अनेक दिवस चिखल उपसत होते. एका लहान वाडीचा ढिगारा उपसण्यास काय लागते, हे या तालुक्याने पाहिले आहे. ज्याने ते पाहिले, त्याला पडद्यावर दहा सेकंदांत कोसळणारे महानगर पाहताना टाळी वाजविण्यापूर्वी क्षणभर थांबावेसे वाटले पाहिजे. ढिगाऱ्याखाली कोण आहे आणि तो कोण उपसणार आहे, हा प्रश्न युद्धपटाला विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

करमणूक आणि जबाबदारी

यावर आक्षेप येईल तो असा: दिवसभर राबलेला माणूस दोन घटका करमणूक शोधतो, त्याला रसदीचे व्याख्यान कशाला? आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. श्रमिकाच्या करमणुकीकडे तुच्छतेने पाहणे हा समाजवाद नव्हे. शिवाय 'एलियन्स'ने दाखविले आहे की, काडतुसे मोजल्याने चित्रपट रटाळ होत नाही. उलट त्याची पकड वाढते. धोका खरा वाटला तरच धैर्य खरे वाटते. तेव्हा वास्तवता आणि करमणूक यांत वैर आहे, ही समजूतच चुकीची आहे.

परंतु प्रश्न करमणुकीपुरता नाही. पहाटे नारायणगाव-मंचर परिसरातील रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. ती बहुधा दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यांची किंवा भूमिहीनांची मुले असतात. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने त्यांना सैन्यात चार वर्षांची नोकरी देऊ केली. त्यांतील २५ टक्क्यांपर्यंतच जवानांना पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद त्या योजनेत होती. देशाचे रक्षण हे मोलाचे काम आहे, आणि ते करू इच्छिणाऱ्या मुलाबद्दल आदरच असावयास हवा. पण म्हणूनच, तो ज्या कामाला निघाला आहे त्याचे खरे स्वरूप त्याला कळणे हा त्याचा हक्क आहे. जखमी सैनिकाचे पुढे काय होते, चार वर्षांनंतर उरलेल्या तिघांचे काय होते, हे कोणताही झगमगीत चिलखतपट त्याला सांगणार नाही.

जे मुलाचे, तेच मतदाराचे. यंत्रे लढतील, आपली माणसे मरणार नाहीत, शत्रू एका कळीसरशी नाहीसा होईल, अशी समजूत एकदा रुजली की युद्ध हा स्वस्त सौदा वाटू लागतो. मग अंदाजपत्रकात शाळा व दवाखाने यांच्या वाट्याचे काय कमी झाले, हे विचारणारा भित्रा ठरतो. युक्रेनच्या रणांगणावर स्वस्त ड्रोन महागडे रणगाडे फोडीत आहेत. म्हणजे विज्ञानपटातील बरेचसे प्रत्यक्षात आले आहे. तरीही खंदकात माणसेच मरत आहेत. यंत्राने युद्धाची किंमत नाहीशी केली नाही. ती कोणाच्या नावावर टाकावयाची, एवढेच बदलले.

लढण्याचे आणखी एक तंत्र या मातीने दिले आहे, त्याचेही स्मरण येथे उचित होईल. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा मुंबईच्या गिरणीतील कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाने भरलेल्या मोटारीसमोर तो आडवा झाला आणि चिरडला गेला. त्याच्या हाती शस्त्र नव्हते. पण त्याने अडविली ती साम्राज्याची नफ्याची वाट. साम्राज्य कोठे दुखते, हे एका कमी शिकलेल्या कामगाराने बिनचूक ओळखले होते. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचे नाव आहे.

कार्यकर्त्यांनी करावयाचे ते अवघड नाही. चित्रपटांवर बहिष्कार नको, बंदीची मागणी तर मुळीच नको. मुले जे चित्रपट पाहतात ते त्यांच्यासोबत पाहावेत आणि नंतर चार साधे प्रश्न चर्चेला ठेवावेत: या सैन्याला जेवण कोण पोचविते? गावकरी कोणाच्या बाजूने आहेत, आणि का? ढिगारा कोण उपसतो? पैसा कोणाचा, आणि नफा कोणाचा? शिवनेरीची सहल काढावी, तेव्हा जन्मस्थानाइतकाच वेळ अंबरखान्यात घालवावा. जो मुलगा हे प्रश्न विचारावयास शिकेल, तो पडद्यावरील लढाई अधिक रस घेऊन पाहील; आणि उद्या कोणी त्याच्यासमोर स्वस्त युद्धाचा सौदा मांडला, तर तो आधी हिशेबाची वही मागेल.